मित्रा, आधी लॅपटॉप बंद कर

प्रिय मित्रा,

विंडोज टाकताना लॅपटॉपचं रिकव्हरी पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग, ज्यात कंपनीचं मूळ विंडोज असतं) डिलीट झालं आणि सेटअप मधेच बंद पडला, हे सांगताना काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि तेव्हाच ठरवलं की हे बसून लिहायचं, कारण मी सांगत जाणार आणि तू घाईत पुढचं बटण दाबत जाणार. आधी लॅपटॉप बंद कर आणि विंडोजचा पेनड्राइव्ह काढून ठेव. सेटअप परत चालवून बघू हा विचारच नको, कारण आता डिस्कवर जे काही नवीन लिहिलं जाईल ते नेमकं रिकव्हरीच्या जागेवर जाऊन बसू शकतं.

माझ्या बाबतीत अगदी हेच झालं होतं. सेटअपमध्ये पार्टिशनची यादी आली, त्यात एक छोटं ईएफआयचं (बूटच्या फाइल्सचं), एक १६ एमबीचं, मग सी ड्राइव्ह आणि शेवटी १४ जीबीचं बिननावाचं, मला वाटलं सगळा कचरा आहे, एकेक सिलेक्ट करून डिलीट करत गेलो. फाइल्स कॉपी होत होत्या, ४७ टक्के दिसत होतं, चार्जरची पिन सैल होती आणि बॅटरी तर कधीचीच गेलेली, जरा धक्का लागला आणि स्क्रीन काळी. परत चालू केलं तर बूट डिव्हाइस नाही असा मेसेज, आणि फॅक्टरी रीसेटची की कितीही वेळा दाबली तरी काही होईना. ते १४ जीबी म्हणजेच कंपनीने दिलेली फॅक्टरी इमेज, विंडोज आणि ड्रायव्हर्सची मूळ प्रत, होती हे तेव्हा कळलं, पोटात गोळाच आला.

आता नीट वाच. पार्टिशन डिलीट होतं तेव्हा आतला डेटा पुसला जात नाही, फक्त पार्टिशन टेबलमधली, म्हणजे डिस्कवरच्या भागांच्या यादीतली, त्याची नोंद जाते. डेटा खरा जातो तो त्या जागेवर नवीन काही लिहिलं की, आणि एसएसडी असेल तर फॉरमॅटच्या वेळी जाणाऱ्या ट्रिम कमांडमुळे (ही जागा आता रिकामी समज असं डिस्कला सांगणारी) न लिहितासुद्धा जातो. मी वाचलो कारण नवीन सी ड्राइव्ह करताना मागे १०० जीबी डेटासाठी मोकळे सोडले होते आणि जुनं रिकव्हरी त्या मोकळ्या भागातच होतं. म्हणून तू शांतपणे आठव, नवीन पार्टिशन पूर्ण डिस्कचं केलंस का, आणि ते फॉरमॅट झालं का? एसएसडीवर तसं झालं असेल तर खरं सांगतो, आशा फार कमी आहे, मग कंपनीच्या सपोर्टकडून रिकव्हरी मीडिया मागवणं हाच सरळ रस्ता.

झालं नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता थेट चालणारा) बनव, त्याने बूट कर आणि टेस्टडिस्क, म्हणजे हरवलेली पार्टिशन शोधणारा प्रोग्रॅम, चालव. टेबलचा प्रकार ईएफआय जीपीटी (नव्या लॅपटॉपवरचा नेहमीचा) निवड, मग ॲनालाइज, क्विक सर्च, त्यात नाही सापडलं तर डीपर सर्च. डीपरला वेळ लागतो, माझ्याकडे दोन तास गेले, मधे हात लावू नकोस. ओळी यायला लागतील. त्यातल्या रिकव्हरीच्या ओळीवर जाऊन पी दाब, आतल्या फाइल्स दिसतात. माझ्या स्क्रीनवर इमेजची फाइल इन्स्टॉल डॉट एसडब्ल्यूएम आणि त्याचे क्रमांक लावलेले तुकडे एकाखाली एक आले, साइजसकट, खरंच डोळ्यांत पाणी आलं रे.

तिथे लगेच राइट, म्हणजे बदल डिस्कवर कायम लिहिणं, करू नकोस! आधी त्या सगळ्या फाइल्स तिथूनच बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी कर. कॉपी हातात आली की पुढे काही चुकलं तरी फरक पडत नाही, मग ती ओळ टेबलमध्ये परत घालून राइट कर.

राइट झाल्यावर ते साध्या डेटा ड्राइव्हसारखं दिसेल, कारण प्रकाराची खूण परत आलेली नसते. ती विंडोजच्या डिस्कपार्ट टूलमध्ये (खाली सांगितलेल्या काळ्या विंडोतून चालतं) सेट आयडी कमांडने द्यावी लागते, लांबलचक आयडी आहे, डीई ९४ ने सुरू होतो, मी तुला वेगळा टेक्स्ट फाइलमध्ये पाठवतो म्हणजे टाइप करताना चूक होणार नाही. आणि कुठली डिस्क सिलेक्ट आहे हे प्रत्येक वेळी लिस्ट डिस्कने बघ, बाहेरची हार्डडिस्क लावलेली असताना नंबर बदलू शकतात.

मग विंडोजच्या पेनड्राइव्हने बूट करून शिफ्ट एफ १० दाब, काळी विंडो उघडेल, तिथून डिझम या कमांडने इमेज सी वर उतरवायची आणि बीसीडीबूट या कमांडने बूटच्या फाइल्स बनवायच्या. विंडोज चालू झालं की ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये रीएजंटसी इन्फो (विंडोजची रिकव्हरी चालू आहे का ते सांगणारी कमांड) बघ, डिसेबल्ड असेल तर इनेबल कर. की दाबून होणारा रीसेट मात्र प्रत्येक कंपनीचा आपापला असतो, तो नाही आला तरी इमेज हातात आहे.

लायसन्सची काळजी करू नकोस, लॅपटॉप विंडोज ८ किंवा नंतरचं घेऊन आला असेल तर लायसन्स की बहुतेक मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते. या सगळ्या खटपटीचं कारण ड्रायव्हर्स, टचपॅड, साउंड, वरच्या फंक्शन की, हे सगळं त्या इमेजमध्ये जुळवून दिलेलं असतं आणि जुन्या मॉडेलचं एकेक शोधत बसणं फार जिवावर येतं.

टेस्टडिस्कची यादी आली की मोबाइलने फोटो काढून मला पाठव, राइट दाबायच्या आधी. मी रात्री जागाच आहे.

तुझाच