सपाट आणि समांतर धरायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही. "ते राहू दे, पुढची फिल्म कुठली घेतलीस?" असं विचारून मोकळे होता. म्हणून हे पत्र. उघड अशासाठी लिहितेय, की घरात लांबलचक निगेटिव्ह पडून असलेल्या आणखी कुणाला, त्या कॉम्प्युटरवर उतरवताना, तुमचं सांगणं उपयोगी पडावं.

आत्याच्या त्या ६×१७ च्या, म्हणजे साधारण सहा बाय सतरा सेंटिमीटरच्या, निगेटिव्ह तुम्हाला पहिल्यांदा दाखवल्या, तेव्हा मी जवळपास आशा सोडली होती. १२० नावाच्या रुंद फिल्मच्या एका रोलवर अशा चारच फ्रेम बसतात. निकॉन कूलस्कॅन ९००० सारख्या नावाजलेल्या फिल्म स्कॅनरची मजलसुद्धा ६×९ पर्यंतच. एका ठिकाणी तर निगेटिव्ह मधोमध कापून आणायला सांगितलं होतं. "कात्रीला हात लावायचा नाही," एवढं एकच वाक्य तुम्ही त्या दिवशी जरा मोठ्या आवाजात बोललात. त्या वाक्यासाठी पहिला नमस्कार.

मी महागड्या फ्लॅटबेड स्कॅनरची जाहिरात घेऊन आले होते, ६४०० डीपीआयवाली, म्हणजे इंचाला ६४०० ठिपके टिपणारी. तुम्ही शांतपणे समजावलंत की खोक्यावरचा आकडा सेन्सरचा असतो. लेन्स, काच आणि फोकसची उंची यांतून पार होऊन फाइलमध्ये खरोखर उतरणारा तपशील त्याच्या निम्म्याहूनही कमी. मग कागदावर हिशेब मांडलात: प्रतिमा साधारण १६८ बाय ५६ मिलिमीटर, खरे २४०० डीपीआय मिळाले तरी सुमारे १५,९०० बाय ५,३०० पिक्सेल, म्हणजे ३०० डीपीआयने जवळजवळ साडेचार फूट रुंद प्रिंट. "याहून मोठी भिंत आहे का तुझ्याकडे?" नव्हती. निगेटिव्हचे तुकड्यातुकड्याने फोटो काढून ते जोडायचे, एवढ्याला घरातला कॅमेरा, जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स आणि खालून उजेड देणारं एलईडी पॅनेल यांत काम भागणार होतं.

तुमचं आयुष्य छापखान्याच्या प्रोसेस कॅमेऱ्यामागे, छपाईच्या प्लेटांसाठी मूळ चित्रं फिल्मवर उतरवण्यात गेलं. मूळ चित्र, लेन्स आणि फिल्म तिन्ही समांतर, नाहीतर प्लेट वाया. ते सगळं ज्ञान तुम्ही माझ्या टेबलावर एका लहानशा आरशात आणून ठेवलंत. निगेटिव्ह जिथे येणार तिथे आरसा सपाट ठेवायचा आणि वरून कॅमेऱ्यातून त्यात बघायचं. लेन्सला स्वतःचाच डोळा दिसतो. तो चौकटीच्या बरोबर मध्यावर आला की कॅमेरा समांतर झाला. जरा बाजूला असला तर कॅमेरा कलला आहे, मग स्टँडचा स्क्रू केसभर फिरवायचा आणि पुन्हा बघायचं. पाणपातळीपेक्षा ही खूण कितीतरी पक्की, कारण टेबल तिरकं असलं तरी बिघडत नाही. आरसा काढून निगेटिव्ह ठेवली, स्क्रीन पूर्ण मोठी करून फोकस फिल्मच्या दाण्यावर आणला, तर चारही कोपऱ्यांतला दाणा सारखाच टोकदार. त्या क्षणी मला झालेला आनंद तुम्हाला फोनवर नीट सांगता आला नव्हता, तो इथे सांगते.

मग सपाटपणा. वर्षानुवर्षं गुंडाळलेली फिल्म मध्ये फुगते, आणि इतक्या जवळून फोकसची खोली मिलिमीटरभरही नसते. काच ठेवावी तर इंद्रधनुषी वर्तुळं उमटतात. न्यूटनची ही कडी का पडतात, ते तुम्ही सांगितलंत: दोन गुळगुळीत पृष्ठभागांमध्ये हवेचा अगदी पातळ थर राहतो आणि दोन्हींवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो. म्हणून फिल्मची चकचकीत बाजू खाली, खरबरीत अँटी-न्यूटन काचेवर. इमल्शन, म्हणजे चित्र असलेला थर, मुळातच मॅट, ते वर कॅमेऱ्याकडे. फोटो आरशासारखा उलटा येतो, तो नंतर आडवा फिरवायचा. दिवा काचेला चिकटवायचा नाही, थोडं अंतर ठेवायचं, म्हणजे पॅनेलवरची धूळ फोकसमध्ये येत नाही.

आणि तो मास्क! जाड काळ्या पुठ्ठ्यात कटरने कापलेली खिडकी, आतल्या कडासुद्धा मार्करने काळ्या केलेल्या, खाली फिल्म सरकवायला पट्टीची धार. आजूबाजूचा फुकटचा उजेड लेन्समध्ये शिरला की सावल्या धुरकट होतात, हे मला ठाऊक होतं. पण खिडकी फ्रेमपेक्षा मुद्दाम थोडी मोठी का कापलीत, ते नंतर उमगलं. फिल्मची कोरी कड प्रत्येक शॉटमध्ये दिसते. तिच्यावरच्या कंपनीच्या अक्षरांवरून आणि फ्रेमच्या आकड्यांवरून सॉफ्टवेअरला जोड सापडतो, एरवी नुसत्या आभाळाच्या तुकड्यात त्याला धरायला काहीच नसतं. रंगीत निगेटिव्हमध्ये तीच कड नारिंगी मुखवट्याचा, म्हणजे सगळ्या फिल्मवर असणाऱ्या आणि नंतर वजा करायच्या नारिंगी छटेचा, नेमका रंग देते. पुठ्ठ्याच्या चार मिलिमीटरांत तुम्ही दोन प्रश्न सोडवलेत.

पुढचं तुम्ही भराभर सांगितलंत, मीही भराभर लिहिते. कॅमेरा हलवायचा नाही, फिल्म सरकवायची, दर वेळी तिसरा हिस्सा आधीच्या शॉटवर यायला हवा. लेन्सचं छिद्र एफ ८, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने पक्के, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. फिल्म न ठेवता नुसत्या पॅनेलचा एक फोटो घ्यायचा आणि पॅनेलचा कमीजास्त उजेड काढून टाकायला सॉफ्टवेअरमध्ये त्याने सगळ्या शॉटना भागायचं, नाहीतर आभाळात उभे पट्टे दिसतात. फोटो जोडायला हगिन या सॉफ्टवेअरमध्ये मोझाइकची पद्धत, फोटोशॉपमध्ये रीपोझिशन, कारण इथे कॅमेरा गोल फिरलेला नाही. आणि आधी जोडायचं, मग रंग उलटवून पॉझिटिव्ह करायचं. तुकडे वेगवेगळे उलटवले की प्रत्येकाचा रंग वेगळा येतो आणि जोड झाकता झाकत नाही.

आत्याच्या ट्रंकेत तळाशी निघालेल्या त्या आठ इंच रुंद, चार फूट लांब गुंडाळीसाठी मात्र तुमचे वेगळे आभार. ती सर्किट कॅमेऱ्याची, हे तुम्ही बघताक्षणी ओळखलंत. १९०४ मध्ये पेटंट मिळालेला हा कॅमेरा तिवईवर स्वतःभोवती फिरतो आणि आत फिल्म एका फटीसमोरून सरकत जाते. मी ती उलगडायला अधीर झाले होते. तुम्ही आधी कड वाचायला लावलीत. कोडॅकने नायट्रेट फिल्म १९५१ पर्यंत बनवली आणि ती भयंकर ज्वालाग्राही. कडेवर 'सेफ्टी' वाचलं तेव्हा कुठे तुमचा आवाज सैल झाला. मग वास घ्यायला सांगितलात, व्हिनेगरसारखा आंबूस आला तर अ‍ॅसिटेट, म्हणजे सेफ्टी फिल्मचं प्लॅस्टिक, कुजायला लागलंय. तो आला नाही. त्यानंतरही उलगडायची घाई नाही, वजनाखाली हळूहळू सैल होऊ द्यायची.

तिलाही मी २४०० डीपीआय लावणार होते. रुंदी १,१५,२०० पिक्सेल होते आणि जेपेगची कमाल मर्यादा ६५,५३५, हे तुम्ही तोंडी सांगितलंत. पण मला पटलं ते तुमचं दुसरं कारण: या निगेटिव्हचे प्रिंट कॉन्टॅक्टनेच, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून त्याच मापाचे काढायचे, मोठे करायला त्या घेतलेल्याच नव्हत्या. १२०० डीपीआयला त्यातले चेहरे ओळखू येतात, कोटाची बटणंसुद्धा मोजता येतात.

काका, प्लेटा थेट कॉम्प्युटरवरून निघायला लागल्या तेव्हा तुमचा कॅमेरा भंगारात गेला, हे तुम्ही एकदाच आणि सहज सांगितलं होतंत. मला ते फार लागलं. आत्याचे सगळे फोटो आज घरातल्या माणसांना बघता येतात ते त्या कॅमेऱ्यावर घडलेल्या तुमच्या नजरेमुळे.

गुंडाळीचा पूर्ण लांबीचा प्रिंट तुमच्यासाठी काढून ठेवला आहे, येत्या रविवारी घेऊन येते. लूप, ते तुमचं भिंग, लावून बघा आणि एखादा जोड सापडला तर नक्की सांगा, मी तो भाग पुन्हा करीन.

तुमची,
आत्याची भाची