पोचा राहू दिलात, त्याबद्दल

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

बिल चुकतं झालं की हिशोब संपला, असं तुमचं म्हणणं. माझ्या लेखी तो संपलेला नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

आजोबांची गाडी बाबांकडे आणि बाबांकडून माझ्याकडे आली. तुमच्याआधी ज्यांना ज्यांना दाखवली, त्यांचं उत्तर ठरलेलं: भंगारात काढा, नाहीतर पूर्ण खोलून नवीकोरी करा. दोन्हींत आजोबांची गाडी उरत नव्हती. तुम्ही मात्र बॉनेट उघडण्याआधी विचारलंत, यातलं काय बदललेलं तुम्हाला चालणार नाही?

मी सांगत सुटलो. स्टिअरिंगवर आजोबांच्या हातांनी झिजलेली जागा. उसवलेल्या सीटला आईने भलत्याच रंगाच्या दोऱ्याने घातलेले टाके. मागच्या दाराचा पोचा, ज्याचा दोष बाबा आणि आत्या अजून एकमेकांवर ढकलतात. तुम्ही हसला नाहीत. पत्रा जिथे सडला होता तेवढाच कापून नवा जोडलात, पोच्याला हात लावला नाहीत.

ब्रेकच्या बाबतीत मात्र माझं एक ऐकलं नाहीत, आणि त्याचे आभार जरा जास्तच. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, गाडी महिनोन्महिने उभी राहिली की चाकांजवळचे व्हील सिलिंडर आतून गंजतात, पिस्टन जाम होतात, हे तुम्ही सुटा भाग हातात देऊन दाखवलंत. लायनर, होज पाइप, मास्टर सिलिंडर, सगळं नवं. मूळचंच ठेवायचा माझा हट्ट तिथे पोरकट होता.

पेट्रोलचंही तसंच. हे इंजिन शिसंयुक्त पेट्रोलच्या जमान्यातलं. ते पेट्रोल 2021 साली जगातल्या शेवटच्या पंपावरूनही गेलं. शिशाचा थर व्हॉल्व्ह सीटची, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्याची, झीज रोखायचा. इंजिनचं हेड उतरवलंच होतं, तेव्हा कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घेतल्यात. इथेनॉल जुन्या रबराला खातं म्हणून पेट्रोलचे पाइपही बदललेत. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. (पाहुणे विचारतात, मग एवढे दिवस गॅरेजमध्ये झालं काय?)

कार्बोरेटर मात्र तोच. त्याच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रांत, जुन्या पेट्रोलचा चिकट थर बसला होता, तो साफ केलात, नवा घ्या म्हणाला नाहीत. काढलेले भाग चिठ्ठ्या लावून खोक्यात घालून दिलेत, तेही कुणी न सांगता. बाबांनी त्यातला जुना डिस्ट्रिब्यूटर कॅप, स्पार्क प्लगना वीज वाटणारं झाकण, स्वतःच्या टेबलावर ठेवलाय. का, ते विचारायची सोय नाही.

पुढच्या ट्यूनिंगला माझी मुलगी गाडी घेऊन येईल. ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंट्समधली अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फट कशी लावायची ते शिकवीन, असं तुम्ही तिला कबूल केलंय. तिने फट मोजायचा फीलर गेज आणून ठेवलाय.

आपला,
गाडीचा सध्याचा मालक