शिकागो, ह्यूस्टन आणि जनगणनेची रात्र

मिरज

चि. समीर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या रविवारी फोनवर तू मोठ्या उत्साहाने म्हणालास, "आई, अजून काही वर्षं थांब, आमचं ह्यूस्टन लोकसंख्येत शिकागोला मागे टाकून अमेरिकेत तिसऱ्या नंबरावर येणार. शिकागो तर ओस पडत चाललंय." शिकागोच्या तुझ्या मित्राशी याच विषयावरून तुझी खडाजंगी झाली होती, हेही तू सांगितलेस. मीराला झोपवायची वेळ झाली होती म्हणून मी तेव्हा विषय वाढवला नाही. पण तीस वर्षे भूगोल शिकवलेल्या आणि तीन जनगणनांत प्रगणक म्हणून दारोदार फिरलेल्या बाईला लोकसंख्येचा आकडा ऐकल्यावर तो कोणी, कुठली हद्द धरून मोजला हे विचारल्यावाचून चैन पडत नाही. म्हणून हे पत्र.

आधी तुझाच आकडा घेऊ. २०२० च्या जनगणनेत शिकागोत २७,४६,३८८ आणि ह्यूस्टनमध्ये २३,०४,५८० माणसे मोजली गेली, म्हणजे अंतर साडेचार लाखांच्या आतले. पण समीर, तू राहतोस शुगर लँडमध्ये. ते स्वतंत्र शहर आहे, त्याची काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग, तीसुद्धा वेगळी आहे आणि तिथल्या १,११,०२६ माणसांपैकी एकही ह्यूस्टनच्या आकड्यात धरलेले नाही. मी तुमच्याकडे आले होते तेव्हा तू गाडीतून मला ह्यूस्टनची हद्द दाखवणारी लहानशी हिरवी पाटी दाखवली होतीस. तिच्या अलीकडे आणि पलीकडे तीच दुकाने, तेच पेट्रोलपंप, तोच रुंद रस्ता होता, आणि ती गेली तरी मला काही बदललेले दिसले नाही. ज्या शर्यतीत तू इतक्या हिरिरीने उतरला आहेस, तिच्या गणतीत तू स्वतः नाहीस, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

ह्यूस्टनची हद्द सुमारे साडेसोळाशे चौरस किलोमीटरची आणि शिकागोची सहाशेच्याही आत. शिकागो आपल्याभोवतीच्या स्वतंत्र उपनगरांत केव्हाच कोंडले गेले. टेक्सासच्या कायद्याने मात्र मोठ्या शहरांना भोवतालची वस्ती आपल्यात ओढून घेण्याची मोकळीक कितीतरी वर्षे दिली होती, आणि ह्यूस्टनने तिचा भरपूर उपयोग केला. १९९६ मध्ये किंगवूडच्या रहिवाशांनी कडाडून विरोध केला, तरी ती वस्ती शहरात घेतली गेली. पुढे २०१७ आणि २०१९ मध्ये कायदे बदलले आणि रहिवाशांच्या संमतीवाचून हद्दवाढ करता येईनाशी झाली. आता भर पडते ती बहुतेक हद्दीबाहेर, तुमच्या फोर्ट बेंड काउंटीत आणि ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीच्या कोणत्याच शहरात न मोडणाऱ्या भागात, जिथे वीस लाखांच्या आसपास माणसे राहतात. म्हणूनच शिकागोला मागे टाकण्याची गोष्ट तुला वाटते तितकी पक्की नाही. उपनगरांसह सगळा महानगर प्रदेश धरला, तर २०२० मध्ये शिकागोची संख्या ९६ लाखांवर, डॅलस-फोर्ट वर्थची ७६ लाखांवर आणि ह्यूस्टनची ७१ लाखांवर होती. म्हणजे त्या हिशेबाने तुमच्यापुढे तुमच्याच राज्यातले डॅलस आहे.

हद्द सरकवून नंबर मिळवण्याची ही रीत जुनी आहे. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टरकी शिकत होत्या आणि १८८६ मध्ये त्यांच्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई गेल्या होत्या, त्या वेळी १८८० च्या गणनेप्रमाणे फिलाडेल्फिया हे न्यूयॉर्कखालोखालचे शहर होते. त्यालाही हा मान १८५४ च्या हद्दवाढीमुळे मिळाला होता. सुमारे दोन चौरस मैलांचे ते शहर त्या एका वर्षात सगळ्या काउंटीएवढे झाले होते. शिकागोने १८८९ मध्ये हाइड पार्क, लेक व्ह्यू वगैरे भोवतालच्या वस्त्या पोटात घेतल्या आणि पुढच्याच वर्षीच्या गणनेत १०,९९,८५० चा आकडा दाखवून फिलाडेल्फियाला मागे टाकले. स्वामी विवेकानंद १८९३ मध्ये ज्या शिकागोत बोलले, ते नुकतेच दुसऱ्या क्रमांकावर आलेले आणि आता न्यूयॉर्कवर डोळा असलेले शहर होते. न्यूयॉर्कला त्याची धास्ती होती. ब्रुकलिन तेव्हा आठ लाखांवर वस्ती असलेले स्वतंत्र शहर होते. १८९४ मध्ये तिथल्या लोकांनी एकत्रीकरणावर मतदान केले आणि अवघ्या २७७ मतांच्या फरकाने होकार दिला. १ जानेवारी १८९८ रोजी मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्राँक्स आणि स्टेटन आयलंड मिळून आजचे न्यूयॉर्क झाले. शिकागोला ते अंतर पुन्हा कधी तोडता आले नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १९९८ मध्ये, सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून आपली महानगरपालिका झाली, तेव्हा आपल्या गल्लीत झालेले वाद तुला आठवत असतील. ब्रुकलिनकरांना काय वाटले असेल, याची कल्पना मिरजकरांना सांगावी लागत नाही.

सेंट लुईसने याच्या उलट केले. १८७० च्या गणनेत त्याने ३,१०,८६४ माणसे दाखवून शिकागोच्या २,९८,९७७ वर मात केली होती, पण तो आकडा फुगवलेला होता असे पुढे अभ्यासकांनी म्हटले. दहा वर्षांनी शिकागो पाच लाखांपलीकडे गेले आणि सेंट लुईस साडेतीन लाखांवरच राहिले. शिकागोकडे रेल्वेचे जाळे होते आणि सेंट लुईसची भिस्त नदीवरच्या बोटींवर होती, हे त्यामागचे मोठे कारण. त्यात १८७६ मध्ये सेंट लुईसने काउंटीपासून फारकत घेऊन स्वतःची हद्द ६१ चौरस मैलांवर कायमची बांधून घेतली. तेव्हा भोवती शेते होती आणि त्यांच्या रस्त्यांसाठी आपला कर का द्यायचा, असा शहरवासीयांचा विचार होता. १९५० मध्ये तिथे ८,५६,७९६ माणसे होती, २०२० मध्ये ३,०१,५७८ राहिली. बाकीचा पसारा त्या रेषेपलीकडे वाढला आणि त्याचा करही पलीकडेच राहिला.

मात्र मला सगळ्यांत अस्वस्थ करणारी हकीकत १८९० ची आहे. मिनियापोलिस आणि सेंट पॉल ही मिसिसिपीकाठची शेजारी शहरे, आपल्या सांगली-मिरजेसारखी, कोण मोठे यावरून हातघाईवर आली होती. सेंट पॉलकडून तक्रार झाली, मिनियापोलिसचे प्रगणक कागदांच्या गठ्ठ्यांसह पकडले गेले आणि मग दोन्हीकडे फेरमोजणी झाली. मेलेल्यांची आणि मुळात नसलेल्यांची नावे निघाली. तक्रार करणाऱ्या सेंट पॉलमध्ये रेल्वे स्थानकातच शेकडो माणसे राहत असल्याची नोंद सापडली. मिनियापोलिसचे अठरा हजारांहून अधिक आणि सेंट पॉलचे नऊ हजारांहून अधिक लोक कमी करावे लागले.

हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला २८ फेब्रुवारी २००१ ची रात्र आठवली. त्या रात्री बेघरांची गणना असते. आमच्याकडे मिरज जंक्शनचा परिसर होता. कोण प्रवासी आणि कोण तिथेच राहणारा, हे प्रत्येकाला उठवून विचारावे लागे. ज्याच्याकडे तिकीट आणि परतायला घर, त्याला आमच्या कागदावर जागा नसे. पहाटेपर्यंत आमच्या यादीत अकरा नावे झाली. त्यांत पाण्याच्या नळापाशी गोणपाटावर निजलेली एक म्हातारी होती. नाव विचारल्यावर तिने आधी मुलाचे नाव सांगितले, मग गावाचे, आणि मी पुन्हा विचारले तेव्हा क्षणभर थांबून स्वतःचे. वय तिला सांगता येईना, म्हणून बहात्तरच्या दुष्काळात तिला किती मुले होती हे विचारून मी ते अंदाजाने लिहिले. अकराचे बारा करणे सोपे होते आणि दहा करणे त्याहूनही सोपे होते, कारण ती अंधारात निजलेली होती.

म्हणून शहर वाढले किंवा घटले असे कोणी म्हटले, की त्यातली माणसे कुठून आली आणि कुठे गेली हे मी शोधते. शिकागोत १९५० मध्ये ३६,२०,९६२ लोक होते. दक्षिणेतला जुलूम सोडून आलेली हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे तिथल्या कत्तलखान्यांत आणि पोलाद कारखान्यांत राबत होती. कत्तलखान्यांचे प्रसिद्ध आवार १९७१ मध्ये आणि साउथ वर्क्स हा मोठा पोलाद कारखाना १९९२ मध्ये बंद झाला. १९८० मध्ये बारा लाखांच्या आसपास असलेले कृष्णवर्णीय रहिवासी २०२० मध्ये आठ लाखांहून कमी उरले. त्यांतले कित्येक उपनगरांत गेले, कित्येक दक्षिणेत परतले आणि काही तुमच्या ह्यूस्टनमध्ये आले. तरीही २०१० ते २०२० या दशकात शिकागोची एकूण संख्या पन्नास हजारांनी वाढलीच, तेव्हा ते शहर ओस पडत चालले आहे हे तुझे म्हणणे आकड्यांना धरून नाही. शिवाय उत्तर भागात तीन बिऱ्हाडांच्या जुन्या इमारती एकेका सधन कुटुंबाने घेऊन एकच घर केल्या आहेत. तिथे माणसे घटली ती सुबत्तेमुळे.

ह्यूस्टनचा उत्कर्षही दुसऱ्याच्या दुःखातून सुरू झाला, हे विसरू नकोस. सप्टेंबर १९०० च्या वादळात शेजारच्या गॅल्व्हेस्टन बंदरात सहा हजारांवर माणसे बुडाली. पुढच्याच जानेवारीत टेक्सासमध्येच स्पिंडलटॉपला तेल लागले, १९१४ मध्ये ह्यूस्टनचा जहाजांचा कालवा खुला झाला आणि सुरक्षित, आतल्या बाजूचे बंदर म्हणून व्यापार तिकडे वळला. २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सहून आलेल्या निराधारांना त्याच शहराने थारा दिला, याचे मला मनापासून कौतुक आहे. पण २०१७ च्या हार्वी वादळात तुमच्या घराच्या पायरीपर्यंत पाणी आले होते आणि तुम्ही दोघांनी रात्र माडीवर जागून काढली होती. पाणी मुरायला जी गवताळ माळराने होती, त्यांवरच घरे आणि डांबर पसरत गेले. वाढ मोजताना ही जमीनही हिशेबात धरायला हवी.

आकड्याला महत्त्व नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. २०२० च्या गणनेवरून टेक्सासला प्रतिनिधिगृहात दोन जागा वाढल्या, इलिनॉयची एक गेली आणि न्यूयॉर्क राज्याची एक जागा केवळ ८९ माणसे कमी भरल्याने गेली. रस्ते, शाळा आणि दवाखाने यांचा केंद्रीय पैसाही याच आकड्यांवर ठरतो. आणि त्या गणनेची पडताळणी झाली तेव्हा टेक्सास आणि इलिनॉय या दोन्ही राज्यांत प्रत्यक्षापेक्षा कमी माणसे मोजली गेल्याचे दिसले. सुटतात ती बहुधा भाड्याच्या घरातली, दाटीत राहणारी, आणि वयाच्या हिशेबाने सर्वांत जास्त पाच वर्षांच्या आतली मुले, कारण अर्ज भरणाऱ्याला वाटते की एवढ्या लहान बाळाला कशाला मोजायचे.

मीराचा जन्म २४ मार्च २०२० चा. मी तिकीट काढून ठेवले होते आणि विमाने बंद झाली, म्हणून तिचे पहिले दर्शन मला फोनच्या काचेतून झाले. त्यांच्या गणनेचा दिवस १ एप्रिल, म्हणजे ती तेव्हा आठ दिवसांची होती आणि तिला मोजायलाच हवे होते. त्या धावपळीत अर्ज तू भरलास की अनघाने, आणि घरातील माणसे दोन लिहिलीत की तीन, एवढे आठवून मला कळव.

तुझी,
आई