लॅपटॉपची साथ

मनू,

काल बाबा झोपल्यावर तुझं हेगचं रेकॉर्डिंग हेडफोन लावून तीनदा ऐकलं. व्हायोलिन छानच वाजवलंयस गं, पण तो लॅपटॉप... तू जे वाजवशील तेच तो अर्ध्या सेकंदाने जरा वाकडंतिकडं करून परत देतो, सारखं, क्षणभर गप्प बसत नाही.

मी पेटीवर नवीन नवीन साथ करायला लागले तेव्हा असंच करायचे, गुरुजींची प्रत्येक हरकत पकडायला धावायचे. एकदा बागेश्रीत ते मध्यमावर नुसते थांबले होते आणि मी मागून लगेच तोच मध्यम दाबून धरला, तर त्यांनी गाता गाताच हात पुढे करून माझा भाताच बंद केला. बोलले काहीच नाहीत. तेव्हा कुठे मला त्यांचं थांबणं ऐकू आलं.

तू जॉर्ज लुईसच्या व्हॉयेजर या संगणकाच्या प्रोग्रॅमबद्दल सांगितलंस तेव्हापासून मी वाचतेय. शिकागोचा ट्रॉम्बोन वाजवणारा माणूस, १९८० च्या दशकात ॲमस्टरडॅमला, म्हणजे तुझ्यापासून तासाभरावर, स्टाइम या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या संस्थेत त्याने तो घडवला. हा प्रोग्रॅम समोरच्याचे सूर, जोर, वेग ऐकतो पण मागे जायचं की आपलंच चालू ठेवायचं ते स्वतः ठरवतो, कोणी नाही वाजवलं तरी वाजवतो, ६४ आवाज आहेत त्याच्याकडे! आणि त्याला गप्प करायला पेडल नाही, बटण नाही, काय सांगायचं ते वाजवूनच सांगायचं. मला हे फार आवडलं. साथीदाराला एवढा मान द्यायलाच हवा.

आणि लॅपटॉप जुना झालाय ही सबब नको बरं का. डेव्हिड बेहर्मन या अमेरिकन संगीतकाराने १९७७ साली बासरी आणि बॅसून या फुंकून वाजवायच्या वाद्यांबरोबर किम-१ नावाचा छोटासा संगणक वापरला, जेमतेम १ केबी मेमरी. तो संगणक ठरलेले सहाच सूर ओळखायचा, ते कुठल्या क्रमाने आणि कधी आले त्यावरून मागची स्वरसंगती बदलायचा, आणि मग ते ऐकून वादक पुढचं वाजवायचे. तूही मॅक्समध्ये, त्या तुझ्या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये, चार-पाच सूरच निवड ना, बाकी वेळ त्याला नुसतं ऐकू दे.

मी दहा मिनिटं बागेश्री वाजवून पाठवतेय, मधे मुद्दाम मोठ्या जागा सोडल्यात. ते तुझ्या पॅचला, म्हणजे मॅक्समधल्या तुझ्या प्रोग्रॅमला, ऐकव आणि त्या जागांमधे तो काय करतो ते रेकॉर्ड करून मला पाठव.

आई