लाखो पिल्लं सोडूनही सॅमन संकटात का?

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, वर्षाला लाखांनी पिल्लं नदीत सोडता, मग हा मासा संकटात कसा? आईचा प्रश्न दुसराच होता: संरक्षित मासा म्हणता आणि त्याचाच पर कापता? दोन्ही प्रश्नांची मुळं एकाच ठिकाणी आहेत आणि ते फोनवर सांगून होण्यासारखं नाही. सप्टेंबरात तुम्ही येणारच आहात, आमची हॅचरी, म्हणजे माशांची अंडी उबवून पिल्लं वाढवायची जागा, बघणार आहात, बाबा तर गरी टाकायचीही म्हणतायत. म्हणून आधीच सविस्तर लिहिते.

इथला, म्हणजे अमेरिकेचा, संकटग्रस्त प्रजातींचा कायदा 1973 चा. सॅमनच्या बाबतीत तो अख्ख्या जातीला नाही, एकेका खोऱ्यातल्या समूहाला संरक्षण देतो. कोलंबिया नदीची उपनदी स्नेक, तिच्यातला सॉकाय जातीचा सॅमन 1991 मध्ये संरक्षित यादीत आला आणि चिनूक जातीचा 1992 मध्ये. त्याच जातीचा चिनूक अलास्कात पकडून राजरोस विकला जातो. 1990 मध्ये स्नेकवरच्या लोअर ग्रॅनिट धरणाच्या शिडीवरून (मासे वर चढावेत म्हणून केलेल्या पाण्याच्या पायऱ्या) शरद ऋतूतले नैसर्गिक जन्माचे चिनूक किती वर गेले, तर 78. नदीत मासा दिसत होता, पण त्यातला बहुतेक टाक्यांतला होता. यादीतून नाव निघायचं तर नदीच्या गोट्यांत आपणहून अंडी घालणारे मासे वाढायला हवेत. सोडलेल्या पिल्लांचा आकडा त्यासाठी कामाचा नाही.

आईचा पर इथेच येतो. पाठीवरच्या मोठ्या परामागे, शेपटीच्या अलीकडे, एक छोटा मांसल पर असतो. हॅचरीतल्या पिल्लांचा तो कापतात. 'धोक्यात' या वर्गातल्या समूहांसाठी जे नियम आहेत, त्यात पकडण्या-मारण्याची बंदी हा पर शाबूत असलेल्या माशालाच लागू होते. पर नाही म्हणजे घरी नेता येतो. आहे म्हणजे सोडायचा. पिल्लू बोटुकली झालं की यंत्र बसवलेला ट्रेलर टाक्यांशेजारी लावतात. त्यात मासा लांबीप्रमाणे वेगळा होतो, पर कापला जातो आणि काहींच्या नाकाडात 1.1 मिलिमीटर लांबीची, पाव मिलिमीटर जाडीची तार टोचली जाते. तारेवर कोरलेला क्रमांक मासा मेल्यावर नाकाड कापून सूक्ष्मदर्शकाखाली वाचायचा. थोड्या पिल्लांच्या पोटात 12 मिलिमीटरची काचेची पिट-टॅग नळी घालतात. ती जिवंत माशात, धरणाच्या शिडीतून जाताजाता वाचली जाते.

सप्टेंबरात चिनूकच्या वसंत गटाची, म्हणजे वसंतात समुद्रातून नदीत परतणाऱ्यांची, अंडी काढायचं काम चालू असेल, ते बघायला मिळेल. आईला बघवेल की नाही कोण जाणे, कारण मादीला डोक्यात फटका मारून मारतात. चिनूक तसाही एकदाच वितो आणि मरतो. कल्ला कापून रक्त आधी वाहून जाऊ द्यायचं, अंडी रक्ताने माखली तर फळत नाहीत. मग पोट गुदद्वारापासून वर चिरायचं की डाळिंबाच्या दाण्यांसारखी नारिंगी अंडी बादलीत पडतात, एका मादीची साधारण चार-पाच हजार. नराचं वीर्य कपात काढून वर ओतायचं. या घटकेपर्यंत बादली, हात, एप्रन सगळं कोरडं हवं, कारण पाणी लागताच वीर्य जागं होतं आणि मिनिटभरात संपतं. अंड्यांना आधी पाणी लागलं तर तीही बंद होतात. वीर्य मिसळलं की पाणी घालायचं, थोडं थांबून धुवायचं आणि अंडी पाणी शोषून टणक होत असताना आयोडीनच्या द्रावणात ठेवायची, दशलक्ष भागांत साधारण 100 भाग. नर-मादी एकास एक जुळवतात. एकाच नराचं वीर्य दहा मादींवर ओतणं सोपं, पण मग पुढची पिढी सगळी सावत्र भावंडांची होते.

प्रत्येक मादीची अंडी वेगळ्या ट्रेमध्ये जातात, ती नुसत्या शिस्तीखातर नाही. चिनूकला मूत्रपिंडाचा एक जिवाणूजन्य आजार असतो आणि तो आईकडून अंड्याच्या आतूनच पिल्लात उतरतो. आयोडीन वरचं कवच धुतं, आत पोचत नाही. म्हणून मेलेल्या मादीच्या मूत्रपिंडाचा तुकडा प्रयोगशाळेत जातो आणि जिवाणूचं प्रमाण जास्त निघालं तर तिचा ट्रे काढून टाकतात. अंडी एकत्र केली असतील तर मग सगळंच गेलं.

ट्रे एकावर एक रचलेले, वरून खाली पाणी झुळझुळत राहतं. फळल्यापासून साधारण दोन दिवसांनी अंडी फार नाजूक होतात. डोळे दिसेपर्यंत ट्रेला हातही लावायचा नाही, एवढंच काय जवळ हातोडीसुद्धा ठोकायची नाही. पाणी 10 अंशांवर असेल तर डोळे चौथ्या आठवड्यात दिसतात. तेव्हा मुद्दाम अंडी थोड्या उंचीवरून ओतून हिसका देतात, म्हणजे न फळलेली पांढरी पडतात आणि वेचता येतात. न वेचली तर त्यांच्यावर बुरशी धरते आणि शेजारच्या जिवंत अंड्यांना गुदमरवते. साधारण सातव्या आठवड्यात मत्स्यजिरे बाहेर येतात.

पुढे वर्षभर लांब सिमेंटच्या टाक्यांत वाढवतात. भरपूर खायला घालून लवकर मोठं करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण वसंत चिनूकचे नर भराभर वाढले की समुद्रात न जाताच वयात येतात, वीतभराचे असताना. हॅचरीच्या कागदावर ते 'सोडले' म्हणून मोजले जातात, नदीला त्यांचा उपयोग शून्य. म्हणून खाणं आखडतं ठेवायचं आणि वसंतात 30 ग्रॅमच्या आसपास असताना, शक्यतो ज्या ओढ्यात परत यायला हवेत त्याच ओढ्याच्या पाण्यावर काही आठवडे ठेवून सोडायचे. त्या पाण्याचा वास डोक्यात बसला नाही तर परतताना मासा भलत्याच नदीत शिरतो.

आणि भलत्या नदीत, किंवा आपल्याच नदीत पण जास्त संख्येने शिरला, की खरी पंचाईत. टाकीत जगण्याची लायकी वेगळी, नदीत जगण्याची वेगळी. ओरेगॉनच्या हूड नदीतल्या स्टीलहेडवर (सॅमनसारखाच समुद्रात जाऊन परतणारा ट्राउट) 2007 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं की बंदिवासातल्या प्रत्येक पिढीमागे नदीत संतती वाढवण्याची कुवत सुमारे 40 टक्क्यांनी घटते. म्हणून आता दोन आकडे सांभाळतात. हॅचरीच्या आई-बापांत नैसर्गिक किती, आणि नदीत अंडी घालणाऱ्यांत हॅचरीचे किती. पहिला 50 टक्के असेल आणि दुसरा 25, तर पहिल्याला दोन्हींच्या बेरजेने भागायचं: 0.5 भागिले 0.75, म्हणजे 0.67. महत्त्वाच्या समूहांसाठी शास्त्रज्ञांच्या पुनरावलोकन गटाने किमान एवढं सांगितलंय. दुसरा आकडा 50 वर गेला तर उत्तर 0.5 येतं आणि नदीचं वळण टाकीच्या बाजूला झुकायला लागतं. अडवायला नदीत गजांचा अडसर घालतात, प्रत्येक मासा हाताखालून जातो, पर कापलेले जादा काढून घेतात. पण बर्फ वितळून लोंढा आला की गज आडवे पडतात आणि मासे न मोजताच वर जातात. त्या वर्षीचं गणित मग अंदाजाचं.

बाबा, तुम्ही म्हणाल की मग हॅचऱ्या बंदच करा. मला ते पटत नाही. आयडाहोत जॉन्सन क्रीकवर नेझ पर्स जमातीचे लोक फक्त नैसर्गिक जन्माचे आई-बाप घेतात. तिथे मासे वाढले आणि त्यांच्या पुढच्या पिढीच्या कुवतीत लक्षणीय घट दिसली नाही. कुठून आई-बाप आणलेत, सगळं त्यावर आहे. आपल्याकडचंच बघा ना! वळवणच्या तलावावर टाटांनी महाशीरची पैदास केली, मेहनतीचं काम. पण तीच निळसर परांची महाशीर दूर कावेरीत सोडली गेली आणि तिथली मूळची कुबडी महाशीर मागे पडत गेली. 2018 मध्ये ती जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त ठरली.

कधी हॅचरीवाचून गत्यंतरच नसतं. आयडाहोतलं रेडफिश सरोवर समुद्रापासून सुमारे 1,450 किलोमीटरवर, दोन हजार मीटर उंचीवर, वाटेत आठ धरणं. 1992 मध्ये तिथे एकच सॉकाय परतला, नर. 1991 ते 1998 मिळून जेमतेम 16 आले, त्या सगळ्यांना बंदिवासात घेऊन वंश टिकवला. 2013 मध्ये स्प्रिंगफील्डला त्यांच्यासाठी नवी हॅचरी उभी राहिली. सुरुवातीची पिल्लं टाकीत धडधाकट, पण सोडल्यावर मोठ्या संख्येने मरायची. कारण निघालं पाण्यात! तिथलं पाणी जड, म्हणजे क्षार जास्त, सरोवराच्या ओढ्याचं अगदी हलकं, आणि बदल एका दिवसात. आता मधल्या पाण्यात सवय करून मग सोडतात. कॅलिफोर्नियाच्या क्लॅमथवर फेब्रुवारी 2024 मध्ये सुमारे 8 लाख 30 हजार पिल्लं सोडली, ती पाडायला घेतलेल्या धरणाच्या बोगद्यातून जाताना पाण्यातल्या वायूच्या दाबाने मेली. टाकीत केलेलं काम चोख असलं तरी पुढची वाट कोणी चालून बघितली नव्हती.

आता बाबांची गरी. मोसमाचा कोटा पर असलेल्या माशांच्या मरणावर बांधलेला असतो. कोलंबियात वसंत चिनूक गरीवर लागून सोडला, तरी शंभरातले दहा मेले असं नियमात धरतात. वरच्या खोऱ्यातल्या नैसर्गिक चिनूकपैकी बिगर-आदिवासी मासेमारीला मुभा असते ती वर्ष कसं आहे त्यावर, साधारण अर्धा टक्का ते पावणेतीन टक्के. तो हिस्सा संपला की पर कापलेले हजारोंनी वर येत असले तरी मोसम बंद, एका दिवसाच्या सूचनेवर. सरकारशी झालेल्या 1855 च्या करारांमुळे नदीकाठच्या जमातींचा वाटा वेगळा, तो त्यांचा हक्क आहे. कुणी तुमच्यापाशी कुरकुर केली तर माना डोलावू नका. शरद ऋतूचा हिशेब वेगळा असतो, म्हणून त्या आठवड्याचे नियम आदल्या रात्री बघूनच निघू. परवाना मी काढून ठेवीन. टोकाशी उलटा दाता नसलेली गरी वापरायची. मासा लागला तर पाण्यातच उलटवून तो छोटा पर बघायचा. शाबूत असेल तर फोटोसाठीसुद्धा पाण्याबाहेर उचलायचा नाही, वॉशिंग्टनात दंड होतो.

हॅचरीत गमबूट इथलेच घाला, दारातल्या जंतुनाशकाच्या टबात बुडवून आत यायचं. आई, तुझ्या सुती साड्या आणू नकोस तिथे, आयोडीनचा डाग जात नाही.

तुमची,
धाकटी