जिमखान्याचा फलक रंगवण्यापूर्वी

संपादक महोदय,

पुण्यातल्या महाविद्यालयांचे सध्या वर्धापनांचे दिवस आहेत. पुणे विद्यापीठाची पंचाहत्तरी २०२४ मध्ये झाली, विधी महाविद्यालयाची शंभरीही त्याच वर्षी. अभियांत्रिकीचा बोट क्लब १९२८ चा, वाडिया महाविद्यालय १९३२ चे; त्यांच्याही शंभऱ्या फार लांब नाहीत. अशा वर्षी समारंभ समितीच्या पहिल्याच बैठकीत जिमखान्याच्या माजी सचिवांचा फलक नव्याने करून घेण्याचा विषय हमखास निघतो. तीन आठवड्यांत यादी, चौथ्यात पेंटर, पाचव्यात अनावरण. सहाव्या आठवड्यात कार्यालयाचा फोन वाजतो: ‘त्या वर्षी सेक्रेटरी मी होतो, बोर्डावर भलत्याचेच नाव आहे.’

फलक आठवडाभरात होतो. यादीला मात्र एक पूर्ण टर्म द्यावी लागते, आणि तीही काम कसे करायचे हे ठाऊक असेल तर. म्हणून हे पत्र.

यादी कोणत्या पदाची करायची, हे आधी ठरवावे. पुण्यात जिमखाना म्हटले की अनेकांना डेक्कन जिमखान्याचा बसथांबा आठवतो, पण महाविद्यालयाचा जिमखाना म्हणजे खेळ आणि स्नेहसंमेलन दोन्ही सांभाळणारी संस्था. प्राचार्य पदसिद्ध अध्यक्ष, एक प्राध्यापक उपाध्यक्ष, विद्यार्थ्यांमधून जनरल सेक्रेटरी म्हणजे जी. एस., विद्यार्थिनींची प्रतिनिधी म्हणजे एल. आर., प्रत्येक खेळाचा कर्णधार आणि गॅदरिंगचा वेगळा सचिव, अशी साधारण रचना. पदांची नावे मात्र दशकागणिक आणि महाविद्यालयागणिक बदलतात. कुठे जी. एस. जिमखान्याचा असतो, कुठे विद्यार्थी परिषदेचा, कुठे दोन्ही पदे एकाच्याच गळ्यात. या सगळ्यांना ‘माजी सचिव’ या एका मथळ्याखाली कोंबले की यादी तिथेच बिघडते.

नावाजलेला खेळाडू म्हणजे पदाधिकारी, हा दुसरा गोड गैरसमज. प्रा. दि. ब. देवधर स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवत, त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. हे सगळे नोंदलेले आहे. पण तेवढ्यावरून त्यांना जिमखान्याच्या एखाद्या वर्षाच्या रकान्यात बसवता येत नाही. त्यासाठी त्या पदाचा, त्या वर्षाचा कागद लागतो. मोठ्या नावांच्या बाबतीत तर तो आवर्जून शोधावा, कारण ती कुणी तपासत नाही.

निवडीची पद्धतही मध्ये बदलली आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका गेल्या. वर्गात गुणांनी पहिला आलेला विद्यार्थी परिषदेवर, त्याच्या जोडीला खेळ, राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी वगैरेंचे नेमलेले प्रतिनिधी, आणि या सदस्यांनी आपल्यातून सचिव निवडायचा. २०१६ चा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि त्यात निवडणुकीची तरतूद पुन्हा आली. म्हणजे १९६८ चा जी. एस. हजारभर मुलांपुढे भाषणे ठोकून आलेला आणि १९९८ चा गुणपत्रिकेच्या जोरावर. दोघांचाही मान तोच. पण नोंदवहीत ‘निवडून’ की ‘नेमणूक’ हा एक शब्द असावा.

आता कागदांकडे. प्रत्येक कागद कुठे ना कुठे दगा देतो. तो कुठे देतो हे माहीत असले की पुरते.

माहितीपुस्तकावर सर्वांत कमी विसंबावे. ते उन्हाळ्याच्या सुट्टीत छापले जाते आणि जिमखान्याच्या निवडी पावसाळ्यात होतात. त्यामुळे १९६३-६४ च्या माहितीपुस्तकात १९६२-६३ चा सचिव असतो. निव्वळ माहितीपुस्तकांवरून केलेली यादी सबंधच्या सबंध एका वर्षाने सरकलेली असते, आणि सगळीच सरकलेली असल्यामुळे चूक डोळ्यांत भरत नाही. वार्षिक अंक त्याहून बरा. त्यात जिमखान्याचा अहवाल असतो, बहुधा उपाध्यक्षांनी लिहिलेला, आणि शेवटच्या परिच्छेदात आभाराच्या निमित्ताने सगळी नावे येतात. फक्त मुखपृष्ठावरचे साल घेऊ नये, अहवालाच्या पहिल्या ओळीतले घ्यावे. अंक छापखान्यात रखडणे ही नवी गोष्ट नाही.

फिरते करंडक आणि ढाली यांच्यावरच्या छोट्या पट्ट्यांवर विजेत्या वर्षाबरोबर कधी कधी कर्णधाराचे नाव असते. तिथले ‘१९६८’ म्हणजे अंतिम सामना जानेवारी १९६८ मध्ये झाला असेल, तर शैक्षणिक वर्ष १९६७-६८. सामना डिसेंबरात झाला असेल, तर १९६८-६९. खेळ कोणत्या महिन्यात खेळला जाई हे पाहिल्याशिवाय ती पट्टी वापरू नये.

ग्रुप फोटो सर्वांना आवडतात. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, खाली ‘बसलेले, डावीकडून’ अशी नावे. पण चौकट बदलताना फ्रेमवाला पुठ्ठा मापाला कापतो आणि नावांची पट्टी केराच्या टोपलीत जाते. उरलेल्या फोटोत प्राचार्यांच्या शेजारी बसलेला मुलगा म्हणजे सचिव, असे गृहीत धरले जाते. बऱ्याचदा ते खरेही निघते, पण कधी ती खुर्ची विद्यापीठाचा कलर, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळल्याचा मान, मिळवलेल्या खेळाडूला दिलेली असते. पुठ्ठा शाबूत असेल तर शेवटची बारीक ओळ जरूर वाचावी: ‘अनुपस्थित’. सचिव तिथेही सापडतो.

सर्वांत खरा कागद सर्वांत रुक्ष असतो: जिमखान्याचे कीर्दवही-व्हाउचर. चेंडूंचे बिल, चहाचे बिल, मांडवाचे बिल, त्यावर सचिवाची सही आणि तारीख. वर्षाच्या मध्यात सचिव बदलला असेल तर तो नेमका कोणत्या महिन्यात बदलला, हे व्हाउचरच सांगते. अडचण एवढीच की लेखापरीक्षण झाले आणि मुदत संपली की हे कागद रद्दीत जातात. ज्या महाविद्यालयांत ते अजून माळ्यावर आहेत, त्यांनी रद्दीवाल्याला बोलावण्याआधी प्रत्येक वर्षाचे पहिले, मधले आणि शेवटचे असे तीन सह्यांचे कागद काढून ठेवावेत.

गॅदरिंगच्या सचिवांची मात्र फार आबाळ आहे. फलक डंबेल्सच्या खोलीत लागतो, म्हणून त्यावर खेळच. ज्यांनी स्नेहसंमेलनाचा मांडव, फिशपाँड आणि रुसलेले कलाकार सांभाळले, त्यांची यादी कुठेच नसते. १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक आणि १९७४ पासून फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन नाट्य-कला स्पर्धांसाठी धावपळ करणाऱ्यांचीही तीच गत. त्यांचा माग निमंत्रणपत्रिकांत लागतो. तळाशी ‘आपले नम्र’ म्हणून सगळे पदाधिकारी ओळीने असतात. पत्रिकेवर साल छापायला लोक विसरतात, वार विसरत नाहीत. ‘शनिवार, दि. १७ जानेवारी’ एवढेच असेल तर सत्तरच्या दशकात अशी वर्षे दोनच: १९७० आणि १९७६. ऐंशीच्या दशकात १९८१ आणि १९८७. प्राचार्य कोण होते हे पाहिले की त्यातले एक उरते.

मग नावे. जुने अहवाल बहुतेक इंग्रजीत, फलक मराठीत. घोळ या उताऱ्यावर होतो. इंग्रजी अक्षर एकच, पण त्याचे मराठीत द होतात, ड होतात. त होतात, ट होतात. ल आणि ळ, स आणि श यांचाही पत्ता लागत नाही. काळे आणि काले यांचे स्पेलिंग एकच. मोडकांचा मोदक होतो, आणि तो सोनेरी अक्षरांत झाला की पुसता येत नाही. आद्याक्षरांचे तर विचारूच नये. ‘व्ही. एम. जोशी’ हे विनायक, वसंत, विश्वनाथ यांपैकी कुणीही असू शकतात, आणि पुण्याच्या महाविद्यालयात एका वर्षी असे दोन-तीन जोशी असायला हरकत नाही. म्हणून नावाबरोबर वर्ग शोधावा आणि तो त्या वर्षीच्या प्रवेश नोंदवहीशी ताडून पाहावा. तिथे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मिळते.

विद्यार्थिनींचे नाव पदावर असताना जे होते तेच फलकावर लिहावे. लग्नानंतरचे नाव नोंदवहीत शेजारी असावे, म्हणजे त्यांना शोधता येईल. ‘कु.’ हे उपपद गाळावे. मुलांच्या नावामागे काही नसताना मुलींच्याच मागे ते लावण्याचे कारण नाही.

नोंदवही म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. सात रकाने: शैक्षणिक वर्ष, पद, नाव कागदावर जसे छापले आहे तसे, पूर्ण नाव मराठीत, वर्ग, आधार (कोणता कागद, कितवे पान), शंका. तिसरा आणि सहावा रकाना लोक गाळतात आणि मग पाच वर्षांनी कोणते नाव कशावरून घेतले हे कुणालाच सांगता येत नाही. यादी संगणकावर करावी, पण युनिकोडमध्ये. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या कितीतरी याद्या आज नुसत्या चिन्हांचा खच होऊन पडल्या आहेत. छापील प्रती तीन: ग्रंथालय, जिमखाना, प्राचार्यांचे कार्यालय. एखाद्या प्राध्यापकाच्या लॅपटॉपवरची यादी त्यांच्याबरोबरच निवृत्त होते.

एका नावाला दोन स्वतंत्र आधार मिळाले तर ते पक्के समजावे, एकच असेल तर नोंदवहीत खूण करावी, आणि एकही नसेल तर ओळ रिकामी ठेवावी. समित्यांना ही रिकामी ओळ सोसवत नाही. शेजारच्या वर्षाचेच नाव दोनदा लिहून टाकतात किंवा कुणाच्या तरी आठवणीवर भरतात. काही वर्षे मुळात सरळ गेलेलीच नाहीत. १९४२ च्या ऑगस्टनंतर किती विद्यार्थी वर्ग सोडून चळवळीत गेले. तेव्हा एकाच वर्षी दोन नावे निघाली तर दोन्ही लिहावीत. २०२०-२१ मध्ये महाविद्यालये बंद होती. निवड झालीच नसेल तर तसे दोन शब्दांत लिहावे. आणि हरवलेल्या प्रत्येक कागदाचे खापर पानशेत धरण फुटून आलेल्या पुरावर फोडू नये. १२ जुलै १९६१ चे पाणी नदीकाठी आले होते. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या इमारतींतले कागद वाळवीने खाल्ले.

आता खुद्द फलक. चार फूट रुंद, सहा फूट उंच हे नेहमीचे माप. एक इंच उंचीचे अक्षर दहा फुटांवरून सहज वाचता येते. पण पेंटर इंग्रजी फलकाच्या सवयीने ओळी आखतो आणि मराठीत वरची वेलांटी आधीच्या ओळीच्या उकारात घुसते. मराठीला इंचाच्या अक्षरामागे दोन इंचांची ओळ हवी. ७२ इंचांतून मथळ्याचे १२ आणि तळाचे ४ गेले, उरले ५६, म्हणजे २८ ओळी. १९४९-५० पासून सुरू केलेला फलक १९७६-७७ ला भरतो. मग जागेच्या लोभाने दोन रकाने पाडतात, नावाला जेमतेम पंधरा इंच उरतात आणि पूर्ण नावाची पुन्हा आद्याक्षरे होतात. त्यापेक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्या फलकाची भिंत आजच राखून ठेवावी.

सोनेरी पावडर म्हणजे तांबे आणि जस्त. वार्निशमध्ये कालवून लिहिलेली अक्षरे पहिल्या वर्षी झळकतात, पुढे काळपट हिरवी पडतात. खरा वर्ख टिकतो, पण महाग. पैसे बेताचे असतील तर गडद तपकिरी पाटीवर फिकट पिवळ्या एनॅमलने लिहावे. दिसायला साधे, वाचायला उत्तम. सनबोर्ड, म्हणजे हलका फोमचा पत्रा, उन्हाच्या भिंतीवर वाकतो आणि व्हिनाइलची अक्षरे कडेने सुटतात, तेव्हा तो प्रदर्शनापुरताच ठीक. माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे प्रत्येक वर्षाची स्वतंत्र पितळी पट्टी, कोरलेली, दोन स्क्रूंवर बसवलेली. चूक निघाली तर तेवढी एकच पट्टी बदलते. फलक भिंतीला चिकटवून लावू नये. मागे अर्ध्या इंचाच्या पट्ट्या मारून हवा खेळती ठेवावी, म्हणजे पावसाळ्यातली ओल लाकडात उतरत नाही आणि वाळवी वेळीच दिसते.

पट्ट्या कोरायला देण्यापूर्वी कच्ची यादी दोन महिने सूचनाफलकावर आणि माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात लावावी. हरकत तोंडी घेऊ नये. वर्ष, पद आणि सोबत एखादा कागद किंवा फोटो, एवढे लेखी मागावे.

आणि जुना फलक पेंटरच्या हवाली करू नये. नवे रंगकाम करण्यासाठी तो पहिल्यांदा पॉलिशपेपर घेतो. त्याआधी ओळीओळीचे फोटो काढावेत. फ्लॅश बंद, खोलीत अंधार, आणि टॉर्च फलकाच्या एका बाजूने जवळजवळ भिंतीला टेकवून धरावा. त्या तिरक्या उजेडात पूर्वी कधी तरी खरवडून वर दुसरे नाव लिहिले असेल, तर खालच्या अक्षरांचा उठाव दिसतो.

आपला,
एक वाचक
सदाशिव पेठ, पुणे ३०