छोट्या री-रेझपुढे पाने टाकू नका

महोदय,

पोकरवरील आपल्या लेखात ‘री-रेझ (तुमच्या रेझवर, म्हणजे वाढवलेल्या बोलीवर, समोरच्याने केलेली आणखी वाढ) आला की मध्यम पाने सोडावीत’ असा सल्ला आहे. नो-लिमिट होल्डेममध्ये तो मोठ्या री-रेझला लागू पडतो, छोट्याला नाही.

समजा, ब्लाइंड, म्हणजे दोन खेळाडूंनी आधीच सक्तीने लावायच्या रकमा, ५०-१०० आहेत. बटणवरून, म्हणजे फ्लॉपनंतर (पहिली तीन सामायिक पाने उघडल्यावर) शेवटी बोलणाऱ्या जागेवरून, तुम्ही २५० केलेत, स्मॉल ब्लाइंडने पाने टाकली, बिग ब्लाइंडने जेमतेम ४०० केले. पॉटमध्ये ७०० आहेत आणि तुम्हाला भरायचे फक्त १५०. म्हणजे पॉटमधला १८ टक्क्यांहून कमी हिस्सा (जिंकण्याची सरासरी शक्यता) पुरतो, शिवाय फ्लॉपनंतर शेवटी बोलण्याचा फायदा तुमचा. रेझ करण्याजोगे जवळपास प्रत्येक पान इथे कॉल करावे, म्हणजे तेवढी रक्कम भरून खेळत राहावे. हाच री-रेझ १,१०० असता तर ८५० भरावे लागले असते आणि सुमारे ३८ टक्के हिस्सा लागला असता.

छोट्या जोडीला फ्लॉपवर सेट (तीन सारखी पाने) साधारण आठांत एकदा लागतो. त्यामुळे दोघांकडेही कॉलच्या रकमेच्या पंधरापट, म्हणजे सव्वादोन हजारांच्या आसपास चिप्स मागे हव्यात. कमी असतील तर केवळ सेटच्या आशेवर राहू नये.

खरी चूक पुढे होते. कॉल स्वस्त पडला म्हणून के-जे ऑफसूटवर (वेगवेगळ्या रंगांचे राजा-गुलाम) राजाची जोडी लागताच लोक फ्लॉपपासूनच्या तिन्ही फेऱ्यांत पैसे भरत बसतात. सावध खेळाडूचा इतका छोटा री-रेझ बहुधा एक्के किंवा राजेच असतो! त्याच्यावर ब्लफने पुन्हा रेझ करणे व्यर्थ. क्यू-क्यू (दोन राण्या) किंवा ए-के (एक्का-राजा) असेल आणि समोरचा सैल खेळणारा असेल, तर १,१०० ते १,२०० करावेत. पोझिशन, म्हणजे शेवटी बोलण्याची जागा, नसेल तर कमकुवत ऑफसूट पाने सोडावीत.

– एक वाचक, पणजी